युद्धाआधीच अपयशाची जबाबदारी घेणारं पत्र लिहून ठेवणारा सेनापती मनातून हरलेला असतो का? आयझेनहॉवरसारखे आणखी कोण होते?

नाही, हरलेला नसतो. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. भोसरीत एकतीस वर्षं हीट ट्रीटमेंटमध्ये, म्हणजे लोखंडी माल तापवून-थंड करून कडक करायच्या कामात काढली आणि त्यातली एक सही अजून मनावरून उतरलेली नाही, म्हणून लिहायला बसलोय.

दुसऱ्या महायुद्धातला दोस्त सैन्याचा सरसेनापती आयझेनहॉवर, त्याची चिठ्ठी तुम्ही वाचली असणार. फ्रान्सच्या किनाऱ्यावरचा नॉर्मंडीचा हल्ला आधी 5 जून 1944 ला ठरला होता. हवा बिघडली म्हणून तो एक दिवस पुढे गेला. ग्रुप कॅप्टन स्टॅग या हवामानतज्ज्ञाने थोडी उघडीप मिळेल असं सांगितलं आणि 5 तारखेच्या पहाटे आयझेनहॉवरने होकार दिला. त्याच दिवशी त्याने पेन्सिलीने चार वाक्यं लिहून पाकिटात ठेवली. आपल्याला किनाऱ्यावर पाय रोवता आले नाहीत आणि मी सैन्य मागे घेतलंय. निर्णय माझा होता, हाताशी असलेल्या उत्तमात उत्तम माहितीवर घेतलेला. सैनिक, वैमानिक, नौदल यांनी शौर्याने जे करता येईल ते सगळं केलं. दोष असलाच तर तो एकट्या माझा. बहुधा ताणामुळे तारीख टाकताना जूनऐवजी जुलै पडला. पुढे ती चिठ्ठी त्याचा सहायक कॅप्टन बुचर याने जपून ठेवली.

लोक नेहमी शेवटचं वाक्य सांगतात. मला त्याच्या वरची खाडाखोड जास्त मोलाची वाटते. आधी त्याने लिहिलं होतं, 'सैन्य मागे घेण्यात आलं आहे'. ते खोडून केलं, 'मी सैन्य मागे घेतलं आहे'. पुढच्या वाक्याची सुरुवात 'ही मोहीम' अशी होती, तिथे 'हल्ल्याचा माझा निर्णय' आला. मराठीत ज्याने कधी कचेरीचा कागद लिहिलाय त्याला हे समजावून सांगायला नको. आपला सगळा कारभार 'करण्यात आले', 'घेण्यात आले', 'निदर्शनास आले' यावर चालतो. करणारा कुठे नसतोच. 'चूक झाली' असं आपण 'पाऊस झाला' म्हणावं तसं म्हणतो. पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांकडे पोचलेलं सावकारी पत्रातलं ते वाक्य आठवा: दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती आपले आपण गळाले.

आता माझी गोष्ट. 2004 ची दिवाळी तोंडावर होती. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचे पिनियन, म्हणजे छोटे दातेरी गिअर, आमच्या भट्टीत कार्ब्युराइज व्हायचे, म्हणजे त्यांच्या पृष्ठभागात कार्बन मुरवायचा, आणि मग तेलात क्वेंच, म्हणजे झटक्यात थंड. तेलाच्या टाकीत दोन अ‍ॅजिटेटर होते. तेल नीट ढवळलं गेलं नाही तर तापलेल्या मालाभोवती वाफेची साय धरते, माल हवा तितक्या झपाट्याने थंड होत नाही आणि मऊ राहतो. त्यातल्या एका अ‍ॅजिटेटरचं बेअरिंग आवाज करत होतं. मी दोन दिवसांचं शटडाऊन मागितलं. प्लँट हेड साहेब म्हणाले, "डिस्पॅच होऊ दे, दिवाळीत बघू." मी "चालेल" म्हणालो. हा 'चालेल' नीट लक्षात ठेवा. साहेबांनी माझा हात धरला नव्हता. विभाग माझा होता, भट्टी बंद करायचा अधिकारही माझ्याकडे होता.

थर्ड शिफ्टला एक कंत्राटी मुलगा असायचा. औश्याकडचा, भोसरीत कॉट बेसिसवर राहायचा. आयटीआय झालेला, अक्षर मोत्यासारखं. त्याने लॉगबुकमध्ये तीन वेगवेगळ्या रात्री लिहिलं होतं, 'अ‍ॅजिटेटर नं. 2 आवाज'. एकदा सकाळी मला थांबून विचारलंही, "सर, त्या आवाजाचं काय करायचं?" मी म्हणालो, "दिवाळीनंतर करू. चालू दे."

चौथ्या रात्री बेअरिंग जाम झालं. भट्टीतून लोड निघाला होता, तो अर्धवट ढवळलेल्या तेलात बुडला. सकाळी हार्डनेस लावला तर जिथे 58 ते 62 एचआरसी (कडकपणाचं माप) हवा तिथे 49, 51, 50. पहिल्या पाळीला हे कळेपर्यंत आणखी दोन लोड तसेच गेले होते. 1,200 पिनियन रिजेक्ट. ग्राहकाची लाइन थांबली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे क्वालिटीवाले दारात.

एट-डी रिपोर्ट, म्हणजे चूक का झाली ते ग्राहकाला सांगणारा अहवाल, भरायला आम्ही सहाजण कॉन्फरन्स रूममध्ये बसलो. त्यात व्हाय-व्हाय असतं, पाच वेळा 'का' विचारत मुळापर्यंत जायचं. चौथा 'का' माझ्या टेबलापर्यंत येत होता आणि पाचवा साहेबांच्या केबिनमध्ये. आम्ही तिसऱ्यावर थांबलो. साहेब म्हणाले, "ऑपरेटर अवेअरनेस लिहा, ट्रेनिंग दिलं की पॉइंट क्लोज होतो." वाक्य मी लिहिलं: 'ऑपरेटरच्या दुर्लक्षामुळे अ‍ॅजिटेटर बंद पडल्याचे वेळीच निदर्शनास आले नाही.' खाली सही केली. लॉगबुकचं फक्त त्या रात्रीचं पान जोडलं. आधीच्या तीन रात्रींची पानं जोडली नाहीत.

मुलाला आठ दिवसांत कामावरून बंद केलं. गेटपास जमा करायला आला तेव्हा माझ्या टेबलाशी येऊन एवढंच म्हणाला, "सर, मी लिहिलं होतं ना?" मी म्हणालो, "बघतो." पुढे मी काहीच बघितलं नाही.

तुमच्या प्रश्नाने मला खरं लागलं ते या कारणाने, की तुम्ही जे विचारलंय तेच साहेब मला आजही ऐकवतात. आम्ही दोघंही रिटायर झालोय आणि सकाळी तळजाईवर भेट होते. मागच्या महिन्यात मी चिठ्ठीची गोष्ट काढली. समोर सिंहगड दिसत होता. साहेब म्हणाले, "तिथे दोर कापले होते. परत यायचा रस्ता मनात ठेवून गड घेता येत नाही. पुढाऱ्याने हरल्यावर काय बोलायचं ते आधी ठरवलं, की तो हरलाच."

साहेब, दोर कापले ते लढणाऱ्यांचे, आणि तेही तानाजी पडल्यावर, माणसं मागे फिरायला लागली तेव्हा. त्यांच्यापुढे त्या क्षणी तोच उपाय होता. पण मोहीम ठरवणाऱ्याचं काम वेगळं. आयझेनहॉवरने चिठ्ठी लिहिली म्हणून एक माणूस कमी पाठवला नाही की एक जहाज मागे ठेवलं नाही. त्याचा हवाई सेनापती ली-मॅलरी याने हल्ल्याच्या काही दिवस आधी बजावलं होतं, छत्रीधारी सैनिक उतरवले तर त्यांची कत्तल होईल. तरी आयझेनहॉवरने त्यांना पाठवायचंच ठरवलं आणि 5 च्या संध्याकाळी ग्रीनहॅम कॉमनच्या धावपट्टीवर जाऊन त्याच पोरांशी उभ्याउभ्या गप्पा मारल्या. उद्या ही पोरं मेली तर दोष त्यांचा नाही, हे खिशात लिहून ठेवूनच माणूस त्यांच्या डोळ्याला डोळा देऊ शकतो. मी त्या मुलाच्या डोळ्याला डोळा देऊ शकलो नाही.

आधीच का लिहायचं, तर नंतर लिहिता येत नाही म्हणून. नंतर कॉन्फरन्स रूम असते, सहा माणसं असतात, ग्राहक दारात असतो आणि 'निदर्शनास आले नाही' हातातून आपोआप उतरतं. माल भट्टीत घालण्याआधी मी एका कागदावर लिहिलं असतं, 'आवाज माहीत असताना भट्टी मी चालू ठेवतोय', तर दोनच गोष्टी झाल्या असत्या. एकतर ते वाक्य वाचून मी भट्टी बंद केली असती, नाहीतर त्या मुलाची नोकरी राहिली असती.

आणखी कोण, असंही तुम्ही विचारलंय. आधीच लिहून ठेवलेलं असं दुसरं पत्र मी वाचलेलं नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात गेटिसबर्गला 3 जुलै 1863 च्या फसलेल्या चढाईनंतर परतणाऱ्या सैनिकांना दक्षिणेच्या जनरल लीने सांगितलं की दोष माझा, आणि ऑगस्टमध्ये राजीनामाही देऊ केला. दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष डेव्हिसने तो घेतला नाही. पण ते नंतरचं. आपल्याकडे एप्रिल 1971 ची गोष्ट तेव्हाचे लष्करप्रमुख माणेकशांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे, इंदिरा गांधींना ते काय म्हणाले ती: सैन्य आत्ता तयार नाही, आत्ता पाठवलंत तर पराभव नक्की, हवा तर माझा राजीनामा घ्या. ती मला चिठ्ठीची सख्खी बहीण वाटते, कारण तिथेही बोलणारा 'मी' म्हणतोय आणि लढाईच्या आधी म्हणतोय. डिसेंबरात काय झालं ते सांगायला नको. उलट बाजूला 1962. लष्करप्रमुख थापर गेले, कृष्ण मेनन गेले, आपले यशवंतराव दिल्लीला गेले, पण हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांचा त्या पराभवाच्या चौकशीचा अहवाल सरकारने अजून खुला केलेला नाही. म्हणजे माणसं गेली आणि लॉगबुकची पानं जोडलीच नाहीत.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. 'सगळा दोष माझा' हेही कधीकधी तोंड बंद करायचं साधन होतं. वरच्याने एक वाक्य टाकायचं आणि पुढची चौकशी थांबवायची. चिठ्ठी चौकशीच्या जागी चालत नाही, चौकशीबरोबर चालते. आणि आमच्याकडे कोणी मेलं नव्हतं. पिनियन आणि नॉर्मंडीची तुलना तेवढ्यापुरतीच घ्या. मी सैन्यात कधी नव्हतो, हेही धरून चला.

साहेब हे वाचतील, त्यांच्या सुनेला मी लिंक पाठवणार आहे. त्या मुलाचा पत्ता मी दोनदा शोधला, कंत्राटदाराची फर्मच आता नाही. तो कुठे असेल आणि वाचत असेल तर त्याच्यासाठी 2004 च्या रिपोर्टमधलं ते वाक्य खोडून परत लिहितो:

अ‍ॅजिटेटर नं. 2 चा आवाज ऑपरेटरने तीन रात्री लॉगबुकमध्ये नोंदवला होता आणि मला तोंडीही सांगितला होता. भट्टी मी चालू ठेवली. त्या तीन रात्रींची पानं मी रिपोर्टला जोडली नाहीत.