कॅलिफोर्नियात राहत्या वस्तीतल्या घरात सहा ज्येष्ठांसाठी केअर होम काढायचं आहे. शेजारी आणि एचओए (वस्तीतल्या घरमालकांची संघटना) म्हणतात, इथे धंदा चालणार नाही. सिटीची झोनिंग परवानगी (कुठल्या भागात काय चालवता येईल याची) लागेल का?

रहिवासी सहा किंवा कमी असतील आणि राज्याचं आरसीएफई (ज्येष्ठांसाठीचं निवासी केअर होम) लायसन्स घेतलं, तर लागणार नाही. हेल्थ अँड सेफ्टी कोडच्या कलम १५६९.८५ नुसार असं घर म्हणजे एका कुटुंबाचं राहतं घरच. त्याच झोनमधल्या साध्या घराला जे कंडिशनल यूज परमिट (अटींसह दिलेली वापराची खास परवानगी) किंवा व्हेरिअन्स (झोनिंग नियमातून सूट) लागत नाही, ते सिटी तुमच्याकडेही मागू शकत नाही. लायसन्सधारक, त्याचं कुटुंब आणि कर्मचारी या सहांत मोजत नाहीत. इतर काही केअर होम्सना असलेली ३०० फूट अंतराची अटही ज्येष्ठांच्या घरांना नाही. सातवा रहिवासी घेतलात की मात्र हे संरक्षण संपतं, मग सिटी परमिट मागू शकते.

एचओएला कलम १५६९.८७ दाखवा. १ जानेवारी १९७९ पासूनच्या करारांत आणि डीडमध्येही (मालमत्तेचा दस्त) हे घर एकाच कुटुंबाचं धरतात. करार त्याआधीचा असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खरं तर घोडं अडतं ते फायर क्लिअरन्सपाशी, म्हणजे फायर विभागाच्या मंजुरीपाशी. लायसन्सिंग ऑफिसकडून विनंती गेली की फायर विभाग घर तपासतो आणि किती नॉन-अँब्युलेटरी (आगीत मदतीशिवाय बाहेर पडू न शकणारे), किती बेडरिडन (अंथरुणाला खिळलेले) ठेवता येतील ते लिहून देतो. वॉकर घेऊन स्वतः बाथरूमपर्यंत जाणाऱ्या आजीही इथे नॉन-अँब्युलेटरीच. स्मृतिभ्रंशामुळे 'आग लागली, बाहेर चला' हे ज्यांना उमगणार नाही, ते आजोबाही त्यातच. म्हणून अर्ज सहाही नॉन-अँब्युलेटरींचा करा आणि घर एकमजलीच बघा. वरच्या मजल्यावरच्या खोल्या या लोकांसाठी धरूच नका. बेडरिडन व्यक्ती ठेवायची असेल तर स्प्रिंकलरचा खर्च आधीच हिशेबात घ्या.

खोल्यांचं गणितही इथेच चुकतं. एका बेडरूममध्ये जास्तीत जास्त दोघं. गॅरेज, हॉल, माळा किंवा दुसऱ्या खोलीत जायची वाट असलेली खोली बेडरूम म्हणून चालत नाही. दर सहा माणसांमागे एक टॉयलेट आणि बेसिन, दर दहांमागे एक शॉवर किंवा टब. झोनिंगसाठी न मोजलेली, घरातच राहणारी केअरगिव्हर इथे मात्र मोजली जाते, त्यामुळे सहा रहिवासी असले तरी टॉयलेट दोन लागतात.

घराची ऑफर देण्याआधी बिल्डिंग विभागातून त्या घराचा परमिट इतिहास काढा. जाहिरातीतली पाचवी बेडरूम पुष्कळदा विनापरवाना बदललेलं गॅरेज निघते, आणि ती गेली की सहाजणांची सोय कोलमडते. प्रत्येक खोली, दार आणि बाहेर पडायची वाट दाखवणारा नकाशा घेऊन फायर मार्शलना भेटा. हे होईपर्यंत एस्क्रो बंद करू नका, म्हणजे घराची खरेदी पूर्ण करू नका.

पार्किंग आणि आवाजाचे जे नियम सगळ्या घरांना आहेत, ते तुम्हालाही आहेत. ड्यूटी बदलताना कर्मचाऱ्यांच्या गाड्या तुमच्या ड्राइव्हवेतच लागतील अशी सोय करा. शेजाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक तिथूनच सुरू होतात.