पेंटबॉलची पहिली बंदूक घेताना पैसे कुठे घालावेत?

आपण विचारले आहे की, कर्जतला तीन-चार वेळा भाड्याच्या बंदुकीने पेंटबॉल, म्हणजे रंग भरलेल्या गोळ्या झाडून एकमेकांना बाद करण्याचा खेळ, खेळून झाले आहे, आता स्वतःची बंदूक घ्यायची आहे, खर्चाची मर्यादा 30,000 रुपये आहे आणि राहणे दादरला आहे. तर कोणती बंदूक घ्यावी? मी मुलुंडला राहतो आणि हा खेळ बरीच वर्षे हौसेने खेळतो आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

महागड्या बंदुकीची गोळी लांब जाते, हा समज आधी सोडून द्यावा. मैदानात उतरण्यापूर्वी प्रत्येक बंदुकीच्या गोळीचा वेग क्रोनोग्राफ या वेगमापक यंत्रावर मोजतात आणि तो सेकंदाला 300 फुटांच्या, अनेक मैदानांवर तर 280 फुटांच्या आत आणावा लागतो. गोळीही सहसा सर्वांची 0.68 इंच व्यासाचीच असते, त्यामुळे स्वस्त काय आणि महाग काय, दोन्हींचा पल्ला जवळजवळ सारखाच राहतो. जास्तीचे पैसे मोजून मिळते ते इतकेच : चाप हलका होतो, धक्का कमी बसतो आणि गोळ्या भराभर सुटतात. यातली शेवटची गोष्ट नवख्याच्या खिशाला सर्वांत घातक आहे. बॅटरीवर चालणारी इलेक्ट्रॉनिक बंदूक सेकंदाला दहा गोळ्या सहज सोडते, म्हणजे 200 गोळ्यांचा हॉपर (बंदुकीवरचा गोळ्यांचा डबा) वीस सेकंदांत रिकामा होतो, आणि नेम मात्र होता तिथेच राहतो.

म्हणून आपल्याला मी टिपमन 98 सारखी साधी यांत्रिक, चाप ओढला की एक गोळी सोडणारी बंदूक सुचवेन. ती जड आहे, दिसायला ओबडधोबड आहे, पण घरी काही स्क्रू काढून उघडता येते, आणि बिघाड झालाच तर तो बहुधा एखाद्या झिजलेल्या रबरी कड्याचा निघतो. मुंबईत दुरुस्तीसाठी दारोदार फिरावे लागते, तेव्हा हा गुण मला चकचकीत रंगापेक्षा मोठा वाटतो. प्रत्येक गोळीला हाताने पंप ओढावा लागतो ती बंदूक नेम शिकण्यासाठी उत्तम असली, तरी समोरचे सगळे भराभर गोळ्या सोडत असताना तिच्यासाठी लागणारा संयम सुरुवातीला फार थोड्यांकडे असतो.

आपल्याकडच्या हवामानाचा विचार मात्र बंदुकीइतकाच गांभीर्याने करावा. गोळीचे कवच जिलेटिनचे असते आणि ते दमट हवेतला ओलावा शोषून घेते. मी पहिल्याच पावसाळ्यात उरलेल्या गोळ्या कपाटात उघड्या पिशवीत ठेवल्या. ऑगस्टमध्ये काढून पाहिल्या, तर त्या भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या फुगून मऊ झाल्या होत्या आणि एकामागून एक नळीतच फुटत गेल्या. गोळी नळीपेक्षा जाड झाली की उत्तम बंदूकही काही करू शकत नाही. तेव्हा गोळ्या लागतील तेवढ्याच घ्याव्यात आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.

उन्हाळ्यात प्रश्न येतो तो गोळी ढकलणाऱ्या वायूचा. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर स्वस्त पडतो, पण 31 अंश सेल्सिअसच्या वर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही आणि तापमानाबरोबर त्याचा दाब चढत जातो. मे महिन्यात त्यामुळे गोळीचा वेग सकाळी एक आणि दुपारी दुसराच येतो. म्हणून बंदूक सिलिंडरमध्ये दाबून भरलेल्या हवेवरही चालणारी घ्यावी आणि भरलेला सिलिंडर उन्हातल्या गाडीत कधीही सोडू नये.

आपल्या 30,000 रुपयांतून पहिला खर्च मुखवट्याचा करावा, आणि तो दुहेरी काचेचा असावा. एकेरी काच आपल्या दमटपणात दोन मिनिटांत धुरकट होते, आणि पुसायला म्हणून मैदानात मुखवटा उचलणे म्हणजे डोळा गमावण्याची तयारी ठेवणे.

परदेशातून मागवणार असाल तर पैसे भरण्याआधी पोलिसांच्या परवाना शाखेकडे आणि सीमाशुल्क कार्यालयात चौकशी करावी. घेतल्यावर लोकलमधून नेताना बंदूक बंद बॅगेतच असू द्यावी. गर्दीच्या डब्यात ती खेळाची आहे हे कोणाला समजावत बसणार?

जुनी मिळत असेल तर संकोच करू नये, फक्त विकणाऱ्यासमोर मुखवटा घालून, हॉपर रिकामा ठेवून आणि नळीवर आवरण चढवून तिला हवा जोडावी, आणि पाच मिनिटे शांतपणे ऐकावे. बारीक फुसफुस ऐकू आली, तर रबरी कडी बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा.