ट्यूबलेसला चार पंक्चर सांगितले, टायर बदलायचा का?

कारच्या टायरमध्ये खिळा एकच दिसत होता, दुकानात पंक्चर मात्र चार निघाले आणि आता टायरच बदला म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. संशय रास्त आहे, पण लगेच माणसाला लबाड ठरवू नका. आधी टायर रिमवरून उतरवायला लावा आणि आतून बघा. आत रबराचा काळा भुगा असेल, साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, आतून गोल घासली गेली असेल, तर हवा उतरल्यावरही गाडी चालली आहे. मग टायर गेलाच, भोकं किती हे मोजण्यात अर्थ नाही.

भुगा नसेल तर भोकं कुठे आहेत ते बघा. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीत असतील तर दुरुस्ती होते. साइडवॉलवर नाही, कारण तो भाग चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला वाकतो. तिथे रबराची पट्टी भोकात खोचून देणाऱ्याला हात जोडा आणि निघा.

आता लबाडी. साबणाचं पाणी मारताना हातातला टोच्या हळूच रुतवला जातो. फुगे खरेच येतात, त्यामुळे गिऱ्हाईक गप्प! म्हणून पुढच्या वेळी समोरच्या टपरीवर चहाला जाऊ नका, टायरपाशीच उभे राहा. हवा पूर्ण भरून, खिळा उपटायच्या आधी सगळ्या टायरवर पाणी मारून घ्या आणि फुगे येतील तिथे खडूने खूण करा. वॉल्व्हच्या तोंडावरही पाणी टाका. कधी कधी पंक्चर नसतंच, वॉल्व्हची पिन गळत असते. खुणा झाल्यावर नवीन फुगा उगवला तर तो कुठून आला ते मोकळेपणाने विचारा. ट्यूबवाल्या टायरमध्ये मात्र हवा नसताना गाडी ढकलत नेली तरी ट्यूब चिरडते, तिथे तीन-चार भोकं खरीही असू शकतात.

बाहेरून खोचलेली पट्टी गावात फिरायला चालते. घाट, हायवे असेल तर आतून मशरूम पॅच (अळंबीच्या आकाराचं ठिगळ, दांडा भोकात आणि टोपी आतून चिकटलेली) लावून घ्या. थोडे जास्त पैसे जातात, जाऊ देत. साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरायचा आग्रह झाला तर साध्या हवेतही तो ७८ टक्के असतो, एवढं सांगा.

आणि बदलायचाच ठरलं तर नव्या टायरच्या साइडवॉलवरचा चार आकडी कोड वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडून असलेला टायर नवा म्हणून घेऊ नका.