आडनावातला 'वार' इतवारीचा नव्हे

प्रश्न आलाय तो असा: मुनगंटीवार, वडेट्टीवार या आपल्याकडच्या आडनावांतला 'वार' नागपूरच्या इतवारी-बुधवारीच्या बाजारातून आला का, आणि त्याआधीचा 'टी' ऱ्हस्व की दीर्घ?

बाजाराचा काही संबंध नाही. इतवारीतला इतवार म्हणजे आदित्यवार, तो वार संस्कृत. पवारांनाही यात ओढू नका, ते परमारांचे. खरा वैताग वेगळाच आहे. परवा नागपुरात महाल भागातल्या एका लग्नात शेजारच्या पाटावरचे गृहस्थ मला सांगत होते, "आमचे पूर्वज तलवारीचे वार करायचे, म्हणून वार." वडाभातावर तेल घ्यायचं राहून गेलं माझं. दर लग्नसराईत हे ऐकावं लागतं!

हा 'वार' तेलुगूतला 'वारु'. वारु म्हणजे ते, ती माणसं. आणि आदरानं एकट्यालाही ते. अत्त म्हणजे सासू, अत्तवारु म्हणजे सासरची मंडळी. अम्म म्हणजे आई, पण अम्मवारु म्हणजे देवी. तसे मुनगंटीवार म्हणजे मुनगंटी घराची मंडळी. पत्रिकेवर 'मुनगंटीवार परिवार' छापलं की परिवार दोनदा झाला.

आणि यातलं मला सगळ्यात आवडतं ते तिरुपतीला सापडतं. डोंगर पायी चढायच्या एका वाटेचं नाव आहे 'श्रीवारी मेट्टू'. आपल्या लोकांना तिथं पंढरीची वारी आठवते. पण मेट्टू म्हणजे पायरी, आणि श्रीवारी म्हणजे श्रीवारुंच्या, 'श्रीं'च्या, बालाजीच्या. देवाला जो आदर लावला, तोच चंद्रपूरच्या दुकानाच्या पाटीवर आडनावाला लागलाय!

अग्रवाल-खंडेलवालांच्या 'वाल'चाच 'वार' झाला, असं ठासून सांगणारे जाणकार आहेत. ल चा र होतो, मान्य. मग ही आडनावं उत्तरेकडे दाट हवी होती. ती दाट आहेत चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, नांदेडात, म्हणजे तेलंगणाच्या शिवेला. प्राणहिता-गोदावरीच्या संगमावरच्या सिरोंच्यात आजही बाजारात तेलुगू चालते. नांदेड तर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होतं. नकाशा न उघडता व्युत्पत्ती सांगू नये.

माझं आणखी एक मत आहे, आणि ते मी सोडणार नाही. मुनगंटीतला 'मुनग' म्हणजे शेवगा. तेलुगूत शेवग्याला मुनगच म्हणतात, आणि पुण्याची माणसं शेवगा म्हणतात त्याला आपल्या घरात मुनगा, मुंगना म्हणतात. झाडावरून घर ओळखायची रीत आपल्यातही आहेच की: पिंपळकर, वडगावकर, आंबेकर. मुनग्याचं झाड परसात असलेलं घर, ते मुनगंटी. यावर एका निवृत्त मास्तरांनी मला 'शेंगांचं संशोधन' म्हणून हिणवलं. त्यांनी दुसरा अर्थ द्यावा, मी ऐकायला तयार आहे. अजून दिलेला नाही.

हां, 'टी'. दीर्घ लिहा. त्या घरची मंडळी तसंच लिहितात.