दहाव्या भागात अडकलायस? थांबू नकोस

‘व्हील ऑफ टाइम’ या चौदा भागांच्या कल्पनारम्य कादंबरीमालेचा दहावा भाग हातात घेऊन तू कंटाळलायस, यात तुझा काही दोष नाही. तो भाग आहेच तसा. नवव्याच्या शेवटी एवढी मोठी घटना घडते आणि दहाव्यात पानंच्या पानं काय, तर त्याच वेळी बाकीची मंडळी कुठे काय करत होती! तिथे खुशाल भराभर पानं उलट. अंघोळी, झगे, वेणी ओढणं, सगळं गाळलंस तरी चालेल. फक्त मॅट आणि ट्युऑन या दोन पात्रांची प्रकरणं सोडू नकोस. अकराव्यात गाडी पुन्हा रुळावर येते.

माणसं विसरलास तर मागचे भाग पुन्हा काढून बसू नकोस. प्रत्येक पुस्तकामागे शब्दसूची आहे, ती पुरते. इंटरनेटवर नाव शोधलंस की पहिल्याच ओळीत कोण मेलं ते कळतं, तेव्हा तिकडे फिरकूच नकोस.

मालिकेचे लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेले. शेवटचे तीन भाग त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन या दुसऱ्या लेखकाने पूर्ण केले. बाराव्यात मॅटचे विनोद जरा परके वाटतील, माझ्या मते तिथे सूर चुकलाच आहे. पण नायक रँडचं प्रकरण जबरदस्त जमलंय. चौदाव्यात ‘द लास्ट बॅटल’ हे एकच प्रकरण जवळपास दोनशे पानांचं आहे. ते शनिवारी सकाळी घे, दुसऱ्या दिवशी ऑफिस नको. उपसंहार बराचसा जॉर्डननी स्वतः लिहून ठेवलेला, तो मात्र सावकाश वाच. ‘न्यू स्प्रिंग’ ही मालिकेच्या आधीची कथा, ती त्यानंतर.