०.०३५ ओहमच्या रिबन ट्वीटरला ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट चालवणारा अँप्लिफायर कसा बनवावा?

तुमचा प्रश्न असा: रिबन ट्वीटर, म्हणजे चुंबकांमध्ये ताणलेली पातळ फॉइलची पट्टी थरथरवून वरचे सूर काढणारा स्पीकर. रिबन १०० मिमी लांब, ८ मिमी रुंद, १० मायक्रॉन अॅल्युमिनियम फॉइलची. मल्टिमीटर ०.३ ओहम दाखवतो, आणि एलएम३८८६ या अँप्लिफायर चिपचा ±२८ व्होल्टचा बोर्ड जोडला की थोड्याच वेळात आवाज तुटू लागतो.

आधी तो ०.३ ओहम विसरा, तो मीटरच्या वायरींचा आहे. या मापाच्या फॉइलचा रोध ०.०३५ ओहमच्या आसपास येतो. रिबन चुंबकांत बसवण्याआधी तिच्यातून ०.१ अँपिअर डीसी सोडा आणि फॉइलवरच हलक्या हाताने पिना टेकवून वाचा: ३.५ मिलिव्होल्ट यायला हवेत. मग पिना दोन्ही टोकांच्या क्लँपवर टेकवा. आकडा ४ च्या पुढे गेला तर सांध्यात ऑक्साइड आहे. फॉइलची टोकं खोडरबराने घासून लगेच पितळी पट्टीत आवळा. सोल्डरच्या नादी लागू नका.

एलएम३८८६ का तुटतो? ५ अँपिअर देताना रिबनमध्ये जेमतेम ०.९ वॅट जातात, पण ±२८ व्होल्टमधून तेवढा करंट ओढला की चिपमध्ये सुमारे १२५ वॅट उष्णता होते. आतलं संरक्षण चालू होतं, तोच तुम्हाला ऐकू येणारा तुटकपणा. रिबनच्या सिरीजमध्ये ३.९ ओहमचा रेझिस्टर लावायचा सल्ला मिळेल. चिप वाचेल, पण त्याच ५ अँपिअरला रेझिस्टर १०० वॅट जाळेल. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना हा शेगडीचा खर्च कशाला?

हा तुमचा पहिलाच अँप्लिफायर असेल तर माझं मत स्पष्ट आहे, ट्रान्सफॉर्मरच करा. फेराइट टोरॉइडवर प्रायमरी ४५ वेढे, सेकंडरी तांब्याच्या रुंद पट्टीचे ३ वेढे. रोध वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो, म्हणून १५:१ मुळे ०.०३५ चे जवळपास ८ ओहम होतात. इनॅमल तार कूलरच्या मोटरी रिवाइंड करणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळते. प्रायमरीला सिरीजमध्ये १० मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर आणि समांतर ३३ ओहम, १० वॅट द्या. हा ३३ ओहम गाळू नका. रिबन तुटली की कपॅसिटर आणि प्रायमरी मिळून ५०० हर्ट्झच्या आसपास अँप्लिफायरला जवळजवळ शॉर्ट दाखवतात.

थेटच चालवायचं ठरलं असेल तर व्होल्टेज नव्हे, करंट देणारा अँप्लिफायर बांधा. कारण वायरमध्ये आहे. २.५ स्क्वेअर मिमीच्या एक मीटर जोडवायरचा रोध ०.०१४ ओहम, म्हणजे रिबनच्या ४० टक्के. तिचा अर्धा मायक्रोहेन्री इंडक्टन्स २० किलोहर्ट्झला ०.०६३ ओहम होतो, रिबनच्या जवळपास दुप्पट. व्होल्टेज अँप्लिफायरवर वरचे सूर इथेच गळतात. नेहमीच्या बोर्डाच्या आउटपुटला असणारी छोटी कॉइल तर काढलीच पाहिजे. करंट ड्राइव्हला वायरचा फरक पडत नाही, तरी बोर्ड ट्वीटरच्या पाठीलाच लावा.

मांडणी: आधी ओपीए१३४ हा ऑपअँप, पुढे ±१५ व्होल्टवर ड्रायव्हर २एससी४७९३ आणि २एसए१८३७, मग २एससी५२०० आणि २एसए१९४३ च्या चार जोड्या, प्रत्येक एमिटरला ०.१ ओहम, ५ वॅट. बायस (सिग्नल नसतानाही वाहणारा करंट) जोडीला ५० मिलिअँपिअर, बायसचा ट्रान्झिस्टर हीटसिंकवरच. आउटपुटपासून रिबन, रिबनपासून ०.०५ ओहम (०.२ चे चार समांतर, वायरवाउंड नकोत), मग ग्राउंड. या ०.०५ वरून १ किलोओहममधून फीडबॅक ऑपअँपच्या उलट्या इनपुटला, आणि आउटपुटवरून तिथेच २२० पिकोफॅरड. तो नसेल तर वायरच्या इंडक्टन्समुळे सर्किट हमखास ऑसिलेट होतं. ०.२५ व्होल्ट इनपुटला ५ अँपिअर मिळतात. रिबनचं खालचं टोक चुकूनही चॅसिसला लागू देऊ नका, करंट मोजणारा ०.०५ ओहमचा सेन्स रेझिस्टरच शॉर्ट होतो. ५२०० आणि १९४३ नकली फार येतात, नागपुरात बर्डीच्या बाजारात घेतले तरी प्रत्येकाचा एचएफई (करंट गेन) मोजून जोड्या लावा.

पॉवर स्टेजला ±५ व्होल्ट पुरतात. एलईडी डिस्प्ले बोर्डांना लागणारे ५ व्होल्ट ४० अँपिअरचे दोन एसएमपीएस (पॉवर सप्लाय) घ्या, एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला जोडा, तो सांधा तुमचं ग्राउंड. १० अँपिअर साइनला हे एकूण ४५ वॅट ओढतात. हीटसिंकचं गणित २५ नव्हे, ४५ अंशांच्या हवेवर करा.

सर्वांत घातक चूक अशी: भार नसताना करंट अँप्लिफायर आउटपुट सरळ ५ व्होल्टला नेऊन टेकवतो, आणि त्या क्षणी रिबन जोडली की फॉइल फाटते. म्हणून रिबन जोडायच्या दोन टर्मिनलांवर, रिबनला समांतर, १ ओहम, १० वॅट कायमचा ठेवा, आणि जोडणी वीज बंद असतानाच करा. सिरीज रिले नको. सुरुवातीचे तीन सेकंद इनपुट शॉर्ट ठेवा. ऑफसेटही, म्हणजे सिग्नल नसताना उरणारं डीसी व्होल्टेजही, महत्त्वाचा. २ मिलिव्होल्ट ऑफसेट म्हणजे रिबनमध्ये ४० मिलिअँपिअर डीसी, आणि डीसी रिबनला सतत एका बाजूला ढकलतो. ट्रिमरने अर्ध्या मिलिव्होल्टच्या आत आणा. ३ किलोहर्ट्झचा २४ डीबी क्रॉसओव्हर (खालचे सूर अडवणारा फिल्टर) अँप्लिफायरच्या आधी हवाच, कारण करंट ड्राइव्ह रिबनचा खालचा रेझोनन्स दाबत नाही.

पहिली चाचणी रिबनवर नको. घराच्या वायरिंगची १ स्क्वेअर मिमी तांब्याची २ मीटर वायर मधोमध दुमडून तिची दोन टोकं रिबनच्या जागी जोडा. तिचा रोध ०.०३४ ओहम, म्हणजे हुबेहूब तुमची रिबन. स्कोपचं प्रोब ०.०५ ओहमवर धरा आणि १० किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह द्या. कडेला लहरी दिसल्या तर २२० चे ४७० पिकोफॅरड करा. मग अर्धा तास ५ अँपिअरवर चालवा, गरम झाल्यावर ऑफसेट पुन्हा मोजा, वीज बंद करा, आणि त्यानंतरच रिबन लावा.