वाचकांचे प्रश्न : राज्यशास्त्र आणि पोटापाणी

प्रश्न : मुलीला बारावी सायन्सला 71 टक्के मिळाले. आता ती बीए राज्यशास्त्र करायचं म्हणते. नोकरी कुठे मिळेल? – एक पालक, सांगली

नुसत्या बीएवर थेट नोकरी जवळपास नाही, हे आधीच धरून चाला. दुसरं वर्ष संपेपर्यंत पुढची पायरी ठरली, तर मात्र हा विषय चांगला कामी येतो. सरळ वाट कायद्याची. तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीला खुल्या प्रवर्गासाठी पदवीला 45 टक्के लागतात, आणि राज्यघटनेचा पाया बीएतच घातलेला असतो. शिवाय एमए, पत्रकारिता, स्पर्धा परीक्षा आहेतच.

सायन्सच्या मुलीकडे मात्र एक जास्तीची जमेची बाजू असते, ती म्हणजे आकड्यांची भीती नसते. दुय्यम विषय म्हणून अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र मिळत असेल तर तोच घ्यावा. निवडणूक सर्वेक्षण करणाऱ्या संस्था, वृत्तपत्रांचे निवडणूक विभाग आणि पक्षांच्या वॉर रूम यांना एक्सेलमध्ये हात बसलेली माणसं हवी असतात. सरावासाठी आपल्याच विधानसभा मतदारसंघाचा ‘फॉर्म 20’ घ्यावा. केंद्रनिहाय मतांचा हा तक्ता मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर असतो. बऱ्याचदा ती स्कॅन केलेली पानं असतात, त्यामुळे आकडे हातानेच भरावे लागतात. दोन निवडणुकांची तुलना करताना नवखे हमखास केंद्र क्रमांकाला क्रमांक जोडतात आणि तिथेच फसतात. मतदान केंद्रांची फेररचना होते, क्रमांक सरकतात. म्हणून आधी केंद्रांची यादी काढून गाव किंवा शाळेच्या नावावरून जुळवणी करायची.

प्रश्न : यूपीएससीला राज्यशास्त्र हा वैकल्पिक विषय मराठीतून लिहायचा आहे. अडचण कुठे येते? – एक विद्यार्थी, बीड

अडचण परिभाषेत येते. उत्तरं मराठीत लिहिता येतात, पण प्रश्नपत्रिका छापली जाते ती इंग्रजी आणि हिंदीत. मराठी माध्यमाचे विद्यार्थी हिंदी प्रश्न वाचून तोच शब्द उत्तरात उचलतात. हिंदीतले ‘अधिकार’ म्हणजे आपले ‘हक्क’, आपल्याकडे ‘अधिकार’ म्हटलं की अधिकारी डोळ्यांपुढे येतो. ‘न्यायिक पुनरावलोकन’ हे आपलं ‘न्यायालयीन पुनर्विलोकन’. ‘राज्य’ हा शब्द तर मराठीतच दगा देतो. इंग्रज विचारवंत हॉब्जबद्दल लिहिताना ‘राज्यसंस्था’ आणि केंद्र-राज्य संबंधांत ‘घटक राज्य’ असं वेगळं लिहिलं नाही, तर तुम्हाला फरक कळलाय की नाही हे परीक्षकाला समजत नाही. म्हणून प्रश्न इंग्रजीतून वाचा आणि वहीत तीन रकाने पाडा : इंग्रजी संज्ञा, मराठी संज्ञा, एका ओळीत अर्थ. हेजेमनी म्हणजे धुरीणत्व, लेजिटिमसी म्हणजे अधिमान्यता. साधारण दोनशे संज्ञा पक्क्या झाल्या की हात मोकळा होतो.

दुसरी गोष्ट वेळेची. दोन पेपर, प्रत्येकी 250 गुण, तीन तास. आठपैकी पाच प्रश्न सोडवायचे, त्यात पहिला आणि पाचवा सक्तीचा. म्हणजे 50 गुणांना 36 मिनिटं, आणि दहा गुणांच्या दीडशे शब्दांना जेमतेम सात. विचारवंताच्या जन्मगावापासून सुरुवात केलीत तर शेवटचा प्रश्न कोराच राहील. दुसऱ्या पेपरात आंतरराष्ट्रीय संबंध असतात, त्यासाठी रोजच्या बातम्यांची टिपणं काढायची ती देशानुसार काढा, तारखेनुसार नव्हे.

एमपीएससीच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेचं स्वरूपही आता वर्णनात्मक झालं आहे आणि तिथेही वैकल्पिक विषयाचे दोन पेपर आहेत. त्यामुळे हीच तयारी दोन्हीकडे चालते.

प्रश्न : एमए झालं. नेट द्यावी की सेट? – एक वाचक, लातूर

दोन्ही द्या. दोन्ही सहायक प्राध्यापक पदासाठीच्या पात्रता परीक्षाच आहेत, नेट देशपातळीवरची आणि सेट राज्यपातळीवरची. पण फरक समजून द्या. सेट मराठीतूनही देता येते, नेटचा राज्यशास्त्राचा पेपर इंग्रजी आणि हिंदीतच असतो. सेटवर महाराष्ट्र आणि गोव्यातल्या महाविद्यालयांत सहायक प्राध्यापक पदाला पात्र होता, पण संशोधनासाठीची जेआरएफ ही पाठ्यवृत्ती फक्त नेटमधून मिळते. दोन्हीकडे दीडशे प्रश्न, तीनशे गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. एमएला खुल्या प्रवर्गासाठी 55 टक्के हवेत आणि 54.9 चे 55 धरले जात नाहीत.

पात्रता मिळाली म्हणजे नेमणूक झाली, असं मात्र नाही. कित्येक जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर काढतात. कनिष्ठ महाविद्यालयाचा विचार असेल तर तिथे नेट-सेट नव्हे, एमएसोबत बीएड लागतं. हे अनेकांना एमए झाल्यावर कळतं, आणि मग आणखी दोन वर्षं जातात.

प्रश्न : राजकारणात न उतरता संसदेचं काम जवळून बघता येईल का? – एक विद्यार्थिनी, नाशिक

येईल. संसद आणि विधिमंडळांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेची ‘लॅम्प’ फेलोशिप त्यासाठीच आहे. कुठल्याही शाखेची पदवी चालते, वयोमर्यादा 25, आणि जवळपास वर्षभर दिल्लीत एका खासदाराबरोबर काम. विधेयकांवर टिपणं काढायची, प्रश्न तयार करून द्यायचे. तयारी म्हणून लोकसभेच्या संकेतस्थळावरून तुमच्या खासदारांनी विचारलेले तारांकित (म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणारे) प्रश्न काढा आणि एखाद्या विधेयकावर दोन पानी टिपण लिहून बघा. दोन पानांत बसत नसेल, तर विधेयक अजून कळलेलं नाही.